जानेफळची पेटी अजून बसमध्ये होती

गेल्या फेब्रुवारीत, बाजाराच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास नांदुऱ्याच्या तपासणी केंद्रातल्या संगणकावर जानेफळहून एका बाईंचा ईसीजी आला. त्या वेळी जानेफळचं केंद्र कुठल्याही तारेने कशालाच जोडलेलं नव्हतं. ज्या यंत्रातून तो ईसीजी आल्याचं नांदुऱ्याचा पडदा सांगत होता, ते यंत्र बंद खोक्यात होतं. आणि ते खोकं खामगाव-मेहकर बसमध्ये माझ्या मांडीवर होतं.

घडलं ते एवढंच. पुढे जे लिहिते आहे ती या चार वाक्यांची छाननी आहे.

मी असल्या गोष्टी मानत नाही. या सदरातले अनुभव आवडीने वाचते, पण वाचून झालं की मनात येतो तो जुन्या धंद्यातला प्रश्न – हे दुसऱ्या कुणी पाहिलं का? बरीच वर्षं मी एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात होते. आधी बातमीदार, नंतर तयार पानं छापखान्याकडे पाठवायची यंत्रणाही माझ्याकडेच आली. तार मंद असली की पानं वाटेत अडकायची आणि रोज शिव्या खाव्या लागायच्या. ती मंद तार वेगाने कशी चालवायची हे शिकता शिकता मी बातम्यांतून बाहेर पडले आणि या कामात आले. आज माझा धंदा तोच आहे – वेगवेगळ्या गावांतली कार्यालयं जोडायची आणि त्यांच्यातली देवाणघेवाण जलद करायची. या अनुभवात मी स्वतः एक साक्षीदार आहे, म्हणून बाकीच्यांना मी वेगवेगळं गाठून विचारलं. नावं बदलली आहेत. संस्थेचं नाव त्यांच्याच विनंतीवरून देत नाही.

या संस्थेची जिल्ह्यात लहान लहान तपासणी केंद्रं आहेत. एक्स-रे, ईसीजी, रक्त-लघवी. तज्ज्ञ डॉक्टर फक्त नांदुऱ्याला – डॉ. तायडे. गावच्या केंद्रात काढलेली चित्रं तारेवरून नांदुऱ्याला जातात, डॉ. तायडे ती संध्याकाळी एकत्र वाचतात आणि अहवाल परत पाठवतात. चित्रं जड आणि तार बारीक. कधी कधी सकाळचा एक्स-रे दुपार टळून गेली तरी पोचलेला नसायचा. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक केंद्रात एकेक यंत्र बसवायचं आणि त्याचं जोडीदार यंत्र नांदुऱ्यात, असं ठरलं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आम्ही सगळे त्याला पेटी म्हणतो.

पेटीचं काम सांगायला सोपं आहे. तिच्यातून जे जे जातं ते ती लक्षात ठेवते. पुढच्या वेळी त्यातलाच भाग पुन्हा पाठवायचा असला, तर ती तो पाठवतच नाही. समोरच्या पेटीला फक्त खूण करते – हे तुझ्याकडे आहे, तिथलंच घे. समोरची पेटी आपल्या आठवणीतून तो भाग काढून देते. त्यामुळे तारेवरचं ओझं कमी होतं. मात्र जे याआधी कधीच गेलेलं नाही, ते पूर्णच पाठवावं लागतं. त्यात सवलत नाही. पुढचं समजायला हे एवढं पुरेसं आहे.

कोरी पेटी थेट गावाला नेऊन लावली तर सुरुवातीला तिला काहीच आठवत नसतं. काम पहिल्यासारखंच संथ चालतं आणि लोक म्हणतात, मग नवीन आणून काय फरक पडला? म्हणून आमची एक पद्धत आहे. गावाला जाणारी पेटी आधी नांदुऱ्यात, मोठ्या पेटीच्या शेजारी, एकाच टेबलावर लावायची आणि त्या केंद्राची जुनी चित्रं दोघींमधून फिरवायची. आम्ही याला ओळख करून देणं म्हणतो. नांदुऱ्याची यंत्रणा सांभाळतात ते वानखडे भाऊ – पन्नाशीचे, रेल्वे स्टेशनजवळ राहणारे, शांत डोक्याचे – याला पोरगी पाहायचा कार्यक्रम म्हणायचे. ओळख पूर्ण झाली की खोक्यावर चिकटपट्टी लावताना त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "झाले चहा-पोहे. आता पोरीले नांदायले पाठवा."

दुसरी पद्धत नांदुऱ्याच्या लोकांची स्वतःची. एखादं केंद्र नव्या पेटीवर आलं की तिथून येणारं पहिलं चित्र डॉ. तायडेंनी स्वतः, आल्या आल्या उघडायचं. मग हातात कितीही काम असो. मुहूर्त म्हणा. हे कुणी सुरू केलं ते कुणालाच आठवत नाही. रोहिणखेडची पेटी लागली तेव्हा पहिलं चित्र एका शाळकरी मुलीच्या मनगटाचं होतं. डॉक्टर समोरचा पेशंट बसवून ठेवून आले, चित्र उघडलं, "हाड चांगलं जुळून राह्यलं" म्हणाले, उभ्याउभ्याच पेढा खाल्ला आणि परत गेले. मी तेव्हा या प्रकाराला हसले होते.

जानेफळची पाळी त्यानंतरची. आदल्या दिवशी तार पुरवणाऱ्या कंपनीची माणसं जानेफळला गेली, त्यांनी जुनं यंत्र काढून सोबत नेलं आणि तारेचं टोक टोपी लावून भिंतीशी लटकत ठेवलं. नवी पेटी मी दुसऱ्या दिवशी नेऊन लावणार होते. दरम्यानचा एक दिवस जानेफळचं केंद्र तुटलेलं राहणार होतं. तिथल्या तंत्रज्ञ रेखाताईंना तसं सांगितलं होतं – काही तातडीचं वाटलं तर डॉक्टरांना फोन करा, बाकी चित्रं संगणकावरच्या 'जायचे आहे' या कप्प्यात ठेवा, तार आली की आपोआप जातील. मोबाईलवर फोटो काढून पाठवायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. मागे एकदा दोन पेशंटच्या पट्ट्यांची त्यात गल्लत झाली होती.

त्या दिवशी आमची गाडी रोहिणखेडला कामात अडकली. जानेफळला कबूल केलं होतं, म्हणून मी पेटी घेऊन एसटीने निघाले. नांदुऱ्याहून खामगाव, खामगावहून मेहकरची गाडी. खोकं साडीच्या दोन खोक्यांएवढं, पण वजनदार. खाली ठेवलं तर धक्के बसतील म्हणून मी ते मांडीवर घेतलं. कंडक्टरने आधी वर ठेवा म्हटलं, मग सीटखाली ठेवा म्हटलं. मी दोन्हीला नाही म्हटल्यावर त्याने विचारलं, "याचं अर्धं तिकीट फाडू काय मग, मॅडम? लेकरासारखं धरून बसल्या तुम्ही त्याले." मागच्या सीटवरचे लोक हसले. हा कंडक्टर पुढे कामाला आला, म्हणून ते लिहून ठेवते आहे.

खामगाव मागे पडलं, रस्ता चढाला लागला, आणि वानखडे भाऊंचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"मॅडम, जानेफळ लागलं. पोचल्या बी तुम्ही? एस्टीले पंख लागले काय?"

मी म्हटलं, मी अजून बसमध्ये आहे. बहुतेक रोहिणखेडचं दिसत असेल, नीट बघा.

"रोहिणखेड वेगळं दिसून राह्यलं ना. ते बी हिरवं हाय. जानेफळ आत्ता हिरवं झालं."

नांदुऱ्याच्या पडद्यावर प्रत्येक केंद्राच्या नावापुढे एक ठिपका असतो. पेटी लागलेली नसेल तर राखाडी, लागून बोलत असेल तर हिरवा. मी म्हटलं, "भाऊ, जानेफळची पेटी माझ्या मांडीवर आहे."

"मांडीवर?"

"खोक्यात. तुम्हीच पट्टी लावली सकाळी."

ते पुन्हा पडद्याकडे वळले असावेत. मग म्हणाले, "मंग हे हिरवं काऊन होऊन राह्यलं?"

मी म्हटलं, खोक्यांची अदलाबदल झाली असेल. मला वाटलं, मी बहुतेक भलतीच पेटी उचलून आणली आहे. प्रत्येक पेटीला कारखान्याचा क्रमांक असतो, तो खोक्यावरही छापलेला असतो आणि ती बोलायला लागली की पडद्यावरही दिसतो. मी त्यांना पडद्यावरचा क्रमांक वाचायला सांगितला. ते एकेक अक्षर वाचत गेले आणि मी खोक्यावर बोट ठेवून एकेक अक्षर तपासत गेले. शेवटपर्यंत तोच होता. शेजारी बसलेल्या आजोबांनी माझ्या बोटाकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

"थांबा," वानखडे भाऊ म्हणाले. "काहीतरी येऊन राह्यलं... चित्र हाय. ईसीजी."

मी म्हटलं, हात लावू नका. काहीतरी गडबड आहे, मी पोचेपर्यंत तसंच राहू द्या.

"पहिलं चित्र हाय ना, मॅडम," ते म्हणाले. "डॉक्टरले सांगावं लागीन."

इथे रेंज गेली. त्या चढावर ती जातेच.

पुढचा काही वेळ मी खोक्याकडे बघत बसले होते. चिकटपट्टी जागेवर होती. तिच्यावर वानखडे भाऊंनी पेनाने मारलेली तिरपी सही पट्टी आणि पुठ्ठा दोन्हींवरून गेलेली होती, ती कुठे तुटलेली नव्हती. पेटीला वीज देणारी वायर वेगळ्या पिशवीत, पिशवी माझ्या खांद्याला. पेटीत बॅटरी नसते. मी खोक्यावर हात सपाट ठेवला. बसच्या इंजिनाची थरथर लागत होती, दुसरं काही नाही. मला भीती वाटली नाही. एकदा एका मोठ्या देवळात दुपारी एकटीच उभी असताना छताकडे बघून जसं वाटलं होतं, तसं काहीसं वाटलं. याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

आता त्याच वेळी जानेफळला आणि नांदुऱ्याला काय झालं ते. हे मी नंतर विचारून लिहिते आहे.

कमलबाई जानेफळजवळच्या एका वस्तीवर राहतात. साठीच्या आतबाहेर, विहिरीवर मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर करतात आणि बाजाराला आणून विकतात. त्या दिवशी बाजारात बसल्या असताना त्यांना दरदरून घाम आला आणि जबडा दुखू लागला. शेजारी बसणाऱ्या बाईने त्यांना बळेच केंद्रात आणलं. रेखाताईंनी ईसीजी काढला. ईसीजीचं यंत्र पट्टीवर स्वतःचा एक शेरा छापतं, तो 'नॉर्मल' असा होता. रेखाताई डॉक्टर नाहीत, पण पट्ट्या रोज बघतात. त्यांनाही वावगं दिसलं नाही. दुखणंही तोवर थांबलं होतं. रेखाताईंनी कमलबाईंना पित्ताची गोळी दिली, संध्याकाळपर्यंत थांबा म्हणून सांगितलं, आणि ईसीजी 'जायचे आहे' कप्प्यात ठेवला. कमलबाई थांबल्या नाहीत. त्यांच्या भागात शेतीची वीज त्या आठवड्यात दुपारची होती. मोटर लावायची होती. त्या केंद्रातून निघून स्टँडवर गेल्या.

नांदुऱ्यात वानखडे भाऊ डॉ. तायडेंना बोलवायला गेले. गडबड असल्याचं मी सांगितलं होतं, तरी का गेलात, असं मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, पेढे आणून ठेवले होते.

डॉ. तायडे आले, चित्र उघडलं. वानखडे भाऊंनी पेढ्याचा डबा पुढे केला. डॉक्टरांनी डबा घेतला नाही. ते खुर्ची ओढून बसले आणि चष्मा वर करून पडद्याच्या अगदी जवळ गेले. छातीच्या समोरच्या भागाचा आलेख दाखवणाऱ्या ओळींत काही लाटा नको तितक्या उंच आणि टोकदार होत्या. हृदयाची मोठी नस बंद होऊ लागली की अगदी सुरुवातीला असं दिसतं आणि थोड्या वेळाने चित्र बदलतं, असं त्यांनी मला नंतर समजावलं. यंत्राला ते ओळखता येत नाही, असंही म्हणाले. हा ईसीजी संध्याकाळी सगळ्या चित्रांबरोबर पाहिला असता तर निदान हेच केलं असतं, पण त्याचा उपयोग कुणाला झाला असता ते सांगता येत नाही, हे त्यांचे शब्द.

त्यांनी रेखाताईंना फोन लावला आणि पेशंट कुठे आहे असं विचारलं. रेखाताईंना आधी प्रश्नच कळला नाही.

"साहेब, तुम्हाला दिसलं कसं?" त्या म्हणाल्या. "आपल्याला तर लाईनच नाही."

"ते मंग पाहू. बाई कुठी हाय?"

रेखाताई तशाच, पायात चपला न घालता, स्टँडकडे पळाल्या. कमलबाई ओट्यावर रिकाम्या टोपलीपाशी बसलेल्या होत्या. परत चला म्हटल्यावर त्यांनी टोपली डोक्यावर घेतली आणि तोंड फिरवलं.

"मला काय झालं? गॅस हाय तो," त्या म्हणाल्या. "मोटर लावायची हाय मला. तू लावतीस का जाऊन?"

"हो, मी लावते," रेखाताई म्हणाल्या. "तुम्ही आधी खाली बसा."

या बोलण्यावर स्टँडवरची माणसं हसली, असं रेखाताई सांगतात. त्यांनी टोपली काढून घेतली. कमलबाई ती परत घ्यायला उठल्या आणि उठता उठताच रेखाताईंच्या अंगावर कोसळल्या. समोरच्या रिक्षाने त्यांना केंद्रात आणलं. डॉ. तायडे फोनवरच होते. चघळायला कुठली गोळी द्यायची, कशी निजवायची, हे ते एकेक करून सांगत होते, आणि दुसऱ्या फोनवर वानखडे भाऊ रुग्णवाहिका मागवत होते.

मी जानेफळला उतरले तेव्हा रुग्णवाहिका केंद्रासमोर उभी होती आणि कमलबाईंना आत घेत होते. मी एका बाजूला झाले. त्या शुद्धीवर होत्या. त्यांचा हात चादरीबाहेर होता, नखांत मातीची हिरवट रेघ होती. रुग्णवाहिका मेहकरच्या दिशेने गेली.

रेखाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं खोकं पाहिलं.

"मॅडम, हे काय?"

"पेटी."

"कशाची?"

"तुमचीच. जानेफळची."

त्या पुढे आल्या आणि त्यांनी चिकटपट्टीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मला आत घेऊन गेल्या. भिंतीशी तार लटकत होती आणि तिच्या टोकाला टोपी तशीच होती. संगणकावर त्यांनी 'जायचे आहे' कप्पा उघडून दाखवला. कमलबाईंचा ईसीजी तिथे होता. पाठवलं गेलं की चित्र त्या कप्प्यातून नाहीसं होतं. ते नाहीसं झालेलं नव्हतं.

आम्ही दोघी बराच वेळ त्या पडद्यासमोर उभ्या होतो. बाहेर बाजार मोडत होता, टेम्पो मागे घेताना कुणीतरी आवाज देत होतं. रेखाताईंनी हात जोडले नाहीत, मीही नाही. पण त्या खोलीत आम्ही दोघी हळू आवाजात बोलत होतो, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

वानखडे भाऊंना फोन केला. त्यांच्या पडद्यावर जानेफळचा ठिपका आता राखाडी होता. कधी झाला ते त्यांनी पाहिलं नव्हतं, ते रुग्णवाहिकेच्या फोनवर होते. म्हणाले, "मॅडम, मी बाबासाहेबांचा, बुद्धाचा माणूस. भूतबित मानत नाही. घरात बी कोणाले मानू देत नाही. पण हे काय झालं ते मले सांगा."

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"तुम्ही इंजिनेर ना?"

"हो. म्हणूनच सांगते आहे."

मग मी खोकं उघडलं. पेटी कोमट होती. खिडकीतून ऊन येत होतं आणि ती माझ्या अंगाला टेकून होती, त्यामुळे हे मी पुरावा म्हणून मांडत नाही, फक्त नोंदवते. तार जोडली, वीज दिली. नेहमीसारखी ती काही वेळ स्वतःशीच दिवे लुकलुकवत राहिली. मग नांदुऱ्याला ठिपका पुन्हा हिरवा झाला. 'जायचे आहे' कप्प्यातली त्या दिवसाची चित्रं आमच्या डोळ्यांसमोर एकामागून एक जाऊ लागली – एक गुडघा, एक छाती, आणि कमलबाई.

पेटीवर मी माझा लॅपटॉप लावून ठेवला होता. कुठलं चित्र किती पूर्ण गेलं आणि किती खुणेने गेलं, ते त्यावर दिसतं. गुडघा जवळजवळ पूर्ण गेला. छातीही. नवीन चित्रांचं तसंच होतं. कमलबाईंचा ईसीजी खुणेने गेला. जानेफळच्या पेटीने नांदुऱ्याला फक्त एवढंच कळवलं – हे तुझ्याकडे आहे, तिथलंच घे.

नांदुऱ्याची पेटी मोठी आणि सतत चालू असते, तिच्याकडे तो असणं एक वेळ समजू शकेन – दुपारी तो आलाच होता, कसाही येवो. पण खूण करायची तर पाठवणाऱ्या पेटीलाही ते चित्र आठवत असावं लागतं. ते तिच्यातून आधी एकदा गेलेलं असावं लागतं. ती पेटी सकाळी नांदुऱ्यात बंद झाली होती, तेव्हा कमलबाई बाजारात मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"आली," वानखडे भाऊ फोनवर म्हणाले. आणि जरा वेळाने, "ओळखीची हाय म्हणते."

त्यानंतरचे काही आठवडे मी जुन्या सवयीने काम केलं. पेटी बनवणाऱ्या कंपनीला विचारलं – एकाच क्रमांकाच्या दोन पेट्या असू शकतात का? नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या अभियंत्याने दुरून सगळं पाहिलं आणि तो म्हणाला, पडद्यावरचा ठिपका बिघाडाने हिरवा होऊ शकतो. मी ते मान्य करते. ठिपका बिघाडाने हिरवा होऊ शकतो, पण बिघाडाने कमलबाईंचा ईसीजी निघू शकत नाही. तार पुरवणाऱ्यांना विचारलं – त्या दिवशी सकाळपासून आम्ही जोडेपर्यंत जानेफळच्या तारेवर काहीच नव्हतं. हा जुना एखादा ईसीजी असेल, ओळख करून देताना फिरवलेला, असाही विचार केला. कमलबाई त्याआधी या केंद्रात कधी आल्या नव्हत्या, आणि पट्टीवर छापलेला दिवस तोच होता. रेखाताईंनी मोबाईलवरून पाठवला असेल, असं संस्थेतल्या एकाने सुचवलं. रेखाताईंनी आपला फोन त्यांच्यासमोर ठेवला. नांदुऱ्याला आलेलं चित्र फोटो नव्हतंच, ईसीजीच्या यंत्रातून निघतं तसं मूळ चित्र होतं.

कंडक्टरला खामगाव स्टँडवर गाठलं. त्याने मला ओळखलं. "हाव, मांडीवरच होतं," तो म्हणाला. "दोनदा म्हणलं खाली ठेवा, तुम्ही ऐकल्या काय? का बरं, काही हरपलं काय त्यातलं?" मी नाही म्हटलं.

नांदुऱ्याच्या संगणकात त्या ईसीजीच्या दोन प्रती आहेत. एक बाराच्या सुमाराची, एक मी पेटी जोडल्यावरची. डॉ. तायडेंनी त्या शेजारी शेजारी लावून मला दाखवल्या. सुरुवातीला एका जागी रेघ थरथरलेली आहे. वायरी लावताना कमलबाई हातातली पिशवी सोडायला तयार नव्हत्या, तेव्हा ती हलली, असं रेखाताई सांगतात. दोन्ही प्रतींत ती थरथर त्याच जागी, तितकीच आहे. डॉक्टर तर्कावर चालणारे गृहस्थ आहेत. त्यांनी दोन्ही प्रती बंद केल्या आणि म्हणाले, "मी रोज हे पाहून राह्यलो. कामाआधी एकदा पाहून घेतो." का, ते मी विचारलं नाही.

कंपनीने पेटी तपासणीसाठी परत मागितली. संस्थेने दिली नाही. मी माहितीतल्या दोन अभियंत्यांना सगळे तपशील दिले. दोघांनी आधी मला मूर्खात काढलं, मग एकेक शक्यता मांडली, आणि मी ती खोडल्यावर दोघांनी विषय बदलला. माझ्याकडे आजही याचं स्पष्टीकरण नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे असेल तर मला ते हवं आहे.

कमलबाईंची मोठ्या रुग्णालयात नस उघडली. त्या घरी आल्या. पुढच्याच बाजाराला त्यांनी मुलाबरोबर मेथीच्या जुड्या केंद्रात पाठवल्या आणि पेटीपुढे ठेवायला सांगितल्या. रेखाताईंनी ओलाव्याला घाबरून त्या आधी टेबलाखाली ठेवल्या, मग घरी नेल्या.

गेल्या आठवड्यात कमलबाई फेरतपासणीला आल्या तेव्हा मी मुद्दाम जानेफळला गेले होते. त्यांनी पेटी कुठली ते विचारलं, लांबूनच पाहिली आणि म्हणाल्या, "एवढीशीच?" मग आत जाऊन निजल्या. रेखाताईंनी ईसीजी काढला आणि कप्प्यात ठेवला. नांदुऱ्याला वानखडे भाऊ पडद्यासमोर बसून फोनवर होते, इकडे मी. ईसीजी तारेवरून गेला. पेटीने खूण केली नाही. चित्र तिच्या ओळखीचं नव्हतं, तिने ते पूर्ण पाठवलं.